दोन पोती माती

सुरतेत पर्वत पाटियाच्या पलीकडे आमची रो-हाउसची सोसायटी आहे. तिच्या फाटकावर कुणालाही विचारा, घरापुढे वांगी लावणाऱ्या मराठी बेन कुठं राहतात, तर लगेच हात करून दाखवतील. दाखवताना जरा हसतीलही. हसू देत. महापालिकेच्या मराठी शाळेत मी जन्मभर पोरांना शिकवलं, पण शिक्षिका म्हणून मला इथं कुणी ओळखत नाही, वांग्यांवरून ओळखतात. मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

बाकी सगळ्यांच्या घरापुढे ब्लॉक बसवलेले आहेत. लाल-करडे, रोज धुऊन लख्ख केलेले, वर गाडी, बाजूला झोपाळा, कोपऱ्यात कुंडीतला मनीप्लँट. आमच्या घरापुढे माती आहे. एक खाट आडवी टाकली तर उरलेल्या जागेत कसंबसं वळता येईल, एवढीच. पण ती काळी आहे, सुरतेची नाही. ती मी आणलीय. कशी आणली ते आधी सांगते, म्हणजे पुढं मी भर दुपारी जो तमाशा केला तो का केला, हे कळेल.

आम्ही इथं राहायला आलो तेव्हा पुढची जागा मी हौसेनं खणायला घेतली. काय निघावं? विटांचे तुकडे, फुटक्या टाइल्स, दगड होऊन बसलेली सिमेंटची गोणी आणि एक चप्पल. बिल्डरनं खड्डा भरायला हाती लागेल ते लोटलं होतं. जास्वंद लावली, मेली. मोगऱ्यानं एक हिवाळा काढला आणि मान टाकली. आमचे हे तेव्हा सचिन भागातल्या एका कापडमिलमध्ये रंगखात्यात होते, रोज घरी येताना नखांत कुठला ना कुठला रंग घेऊन यायचे. ते म्हणाले, "सोड ना नाद. ब्लॉक टाकून घेऊ, सगळ्यांनी टाकलेत."

"सगळ्यांनी टाकलेत म्हणून?" मी विचारलं. घर दोघांच्या पगारातून घेतलेलं, आणि कागदावर दोघांची नावं घालायची हे मी तेव्हाच भांडून ठरवून घेतलेलं. त्यामुळे विषय तिथंच थांबला.

त्याच सुमारास माझे वडील गेले. आमचं गाव अमळनेरकडचं. दिवसकार्य उरकलं आणि भावांनी आम्हा बहिणींना सांगितलं, कचेरीत सहीला चला. हक्कसोड. वावरात आमचा जो काही हिस्सा निघतो तो भावांसाठी सोडला, अशी सही. आमच्याकडे हे असंच चालतं. कायदा काहीही म्हणो, बहिणीनं हिस्सा मागितला की माहेर तुटलं. सही केली तर माहेर राहतं, म्हणजे वर्षातून एकदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पुरणपोळीचं जेवण आणि निघताना एक साडी. थोरलीनं सही केली, धाकटीनं केली. मी पेन हातात धरून बसून राहिले, तर मोठा भाऊ अगदी मायेनं म्हणाला, "आक्का, तुले काय कमी शे?"

कमी काहीच नव्हतं. पण मी भीक मागायला आले होते का? त्या वावरात मी कापूस वेचलाय. वांगी तोडताना देठाचे काटे बोटांत भरून घेतलेत. भाऊ तेव्हा तालुक्याला शिकत होते, त्यांच्या बोटांत किती काटे मोडले ते मला चांगलं ठाऊक आहे. तरी केली सही. आई शेजारी बसली होती आणि ती लेकांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, म्हणून केली.

घरी आल्यावर भावजयीनं साडी पुढं केली. मी म्हटलं, "साडी राहू दे. मला वावरातली माती द्या. दोन पोती."

घरात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भाऊ म्हणाला, "माटी कसाले जोयजे तुले?"

"हिस्सा नाही ना मागत?" मी म्हटलं. "माती मागतेय. तेवढी तरी निघेल की नाही माझ्या वाट्याला?"

 आई उठली. फडताळातल्या मडक्यातून राखेत घोळलेलं वांग्याचं बी काढलं, फडक्यात बांधलं आणि माझ्या ओंजळीत ठेवलं. भरताचं वांगं, हिरवं, अंगावर पांढऱ्या रेघा. ते बी आमच्या घरात आईच धरायची. एक चांगलं वांगं झाडावर पिवळंधमक होईपर्यंत ठेवायचं, त्याला कुणी हात लावला की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू.

पोती पॅसेंजरच्या डब्यात दाराशी ठेवली. नंदुरबारच्या पुढं तिकीट तपासनीस आला. "इसमें क्या है?"

"मिट्टी."

"सूरत में मिट्टी नहीं है क्या?"

"है. मेरे बाप की नहीं है."

त्यानं पोत्यात बोट खुपसून बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुढं गेला. उधन्याला हमालानं विचारलं, यात दगड भरलेत का. घरी यांनी कपाळाला हात लावला. पण खालचा राडारोडा उपसायला मदत त्यांनीच केली, हे सांगायला हवं. तबेल्यातलं शेणखत आणलं, खाली पसरलं, वर ही माती. दोन पोत्यांत काय होतंय? पुरी पडेना. मग मी ठरवून टाकलं. दर आखाजीला माहेरी जाताना एक रिकामी पिशवी न्यायची आणि येताना वावरातून भरून आणायची. साडी घ्यायची नाही. भावजय म्हणायची, "आक्कांचं काहीतरीच." मी मनात म्हणायची, हप्त्याहप्त्यानं हिस्सा नेतेय बाई, तुला कळायचं नाही.

पहिल्या वर्षी मी चांगलीच तोंडावर आपटले. आमच्याकडे लावतात तसं मृगात रोपं लावून मोकळी झाले, सपाट वाफ्यात. खानदेशातला पाऊस पाहुण्यासारखा येतो, पाणी पाजतो आणि जातो. सुरतेत तो घरजावई होऊन बसतो. त्यात काळी माती. एकदा पाणी धरलं की सोडायचं नाव नाही. रोपं गुडघ्याला लागतील एवढी झाली आणि एका आठवड्यात माना टाकून बसली. उपटली तर मुळं कुजून काळी. आमच्या सोसायटीचे प्रमुख समोरच राहतात, कापडाचे व्यापारी, माणूस वाईट नाही. ते फाटकाशी उभे राहून म्हणाले, "बेन, फ्रन्टमां रींगणां? शोभतुं नथी."

"शोभेला मी आहे ना," मी म्हटलं.

पण घरात येऊन रडले. रागानं रडले. वावर सुटलं ते सुटलं, आता आईचं बीही मी माझ्या हातानं बुडवलं की काय, असं झालं. फडकं झटकून बघितलं तर तळाशी चिमूटभर बी होतं. ते मी नवरात्रापर्यंत राखून ठेवलं. एका घराचं बांधकाम चाललं होतं, तिथली वाळू आणून मातीत मिसळली, उंच वरंबे केले आणि पाऊस पुरता गेल्यावर रोपं लावली. या खेपेला जगली.

तेव्हापासून माझं वर्ष असं चालतं. पावसाळ्यात वाफा रिकामा ठेवायचा, नुसतं गवत उपटत राहायचं. सुरतेच्या पावसात गवत रात्रीतून वाढतं, आज उपटलेलं परवा पुन्हा हजर. नवरात्रात रोप टाकायचं, दिवाळीला लावणी. थंडीत पानांखाली मावा येतो, त्याला राख. उत्तरायणाला वांगी तोडायला आलेली असतात, आणि नेमकी तेव्हाच सगळ्या सुरतेची पोरं पतंगामागे भिंतीवरून उड्या मारतात. त्या दोन दिवसांत मी हातात वेताची छडी घेऊन ओट्यावर बसते. सगळी पोरं मला घाबरतात, आणि घाबरायलाच पाहिजे. दुसऱ्या दिवशी कात्री घेऊन झाडांत अडकलेला मांजा कापून काढायचा, नाहीतर फांद्या चिरतात.

प्रमुखांची बायको एकदा उंधियाला वांगी मागायला आली. हातात घेऊन म्हणाली, तुमची फार मोठी आहेत, उंधियाला लहान लागतात. मी म्हटलं, मग तुमच्या कुंडीतला मनीप्लँट घाला. ती पदर तोंडाला लावून हसली. नंतर मी तिला ओट्यावर वांगी भाजून भरीत करून दिलं, तेव्हापासून दर थंडीत तिचा डबा येतो. धूर होतो अशी तक्रारही तिच्याच घरून येते. दोन्ही चालू आहे.

उन्हाळ्यात सगळी झाडं काढून टाकते, एकच ठेवते. बियाचं. त्याला जुन्या साडीची सावली आणि डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी. त्यावरचं एक वांगं पिवळं होत जातं, आणि आता आईसारखीच मीही त्याला कुणाला हात लावू देत नाही.

लेक लग्न होऊन सासरी गेली, मुलगा मोठा झाला, नोकरीला लागला, आणि त्याला गाडीचे वेध लागले. गाडी घेणार तर लावणार कुठं? सोसायटीच्या रस्त्यावर लावायला मनाई. यांचीही मिल सुटली होती, दिवसभर घरी. दोघांची कुजबुज माझ्या कानावर यायची. मी सरळ सांगून टाकलं, "गाडी डोक्यावर ठेवा. मातीला हात लावायचा नाही." मुलगा म्हणाला, "मम्मी, टेन्शन नको घेऊ." मला वाटलं, कळलं त्याला.

आखाजी आली. मी नेहमीसारखी रिकामी पिशवी घेऊन गावी गेले. आई त्याआधीच वारली होती. जेवण व्हायच्या आत मी वावराकडे निघाले, तर धाकटा भाऊ म्हणाला, उन्हात कशाला, संध्याकाळी जा. मी गेलेच. वावर नव्हतं. चुन्याच्या रेघा होत्या, सिमेंटचे बुटके खांब होते, आणि सगळीकडे मुरूम पसरून दाबलेला. प्लॉट पाडून विकायला काढले होते. वरची काळी माती यंत्रानं खरवडून कुठं नेऊन टाकली, ते भावालाही सांगता येईना. तो म्हणाला, तुला सांगणारच होतो. मी काय बोलणार? माझी सही होती.  दुसऱ्या दिवशी तीच रिकामी पिशवी घेऊन गाडीत बसले आणि सगळ्या वाटेवर एकच धरून होते, की काही हरकत नाही, आणली तेवढी तर आपल्या दारात आहे.

उधन्याहून रिक्षा केली. रिक्षा सोसायटीत शिरली, मी म्हटलं, "भाऊ, पुढं घे, हे घर नाही."

तेच घर होतं. पुढं लाल-करडे ब्लॉक, त्यावर पांढरी गाडी, गाडीला हार. कडेला नवा झोपाळा, त्यावर हे बसलेले. मुलगा दारातून ओरडला, "सरप्राईज!" यांनी झोपाळ्यावर हात आपटून म्हटलं, "ये, बस. आखाजीचा झोका. गावाहून दमून आलीस."

मी विचारलं, "माती कुठाय?"

दोघंही हसत होते, ते थांबले. "अगं, तुझे गुडघे दुखतात," हे म्हणाले. "किती वाकशील? म्हटलं आता आरामात बस. बाजारात ढीगभर वांगी मिळतात. तुला काय कमी आहे?"

झालं. तेच शब्द. भाऊ काय आणि नवरा काय, मायेनंच बोलतात सगळे. माझं काढून घेताना कुणी रागावत नाही माझ्यावर. मी काय ओरडले ते आता मला सगळं आठवत नाही, पण आजूबाजूच्या सगळ्या खिडक्या उघडल्या एवढं आठवतं. बियाचं झाड? उपटून टाकलं. पिवळं वांगं? त्याच्याबरोबर गेलं. माती? ब्लॉकवाल्याचा ट्रॅक्टर आला होता, कॉमन प्लॉटच्या कोपऱ्यात ओतून गेला.

मी चूळसुद्धा भरली नाही. मागच्या दारातून घमेलं आणि खुरपं घेतलं, पदर खोचला आणि कॉमन प्लॉटवर गेले. वैशाखातलं ऊन, कुत्रीसुद्धा सावलीला. कोपऱ्यात ढीग होता. त्यात विटा, वाळू, तुटके ब्लॉक, आणि मधूनमधून काळी ढेकळं. माझी माती मला कशी ओळखू येणार नाही? तिच्यात अजून मुळं होती. एकेक ढेकूळ वेचून घमेल्यात भरलं. बियाचं झाड ढिगाखाली चिरडलेलं सापडलं, वांगं फुटलेलं, पण पिवळं होतं. पदरात बांधून घेतलं.

प्रमुख डोक्यावर रुमाल टाकून आले. "बेन, आ शुं करो छो? बहु तडको छे."

"माझा हिस्सा उचलतेय," मी म्हटलं. "जरा बाजूला व्हा."

ते खरंच बाजूला झाले. मी घमेलं डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या दारांवरून आले आणि त्या लख्ख ब्लॉकवर, झोपाळ्याच्या पुढ्यात, नेऊन ओतलं. परत गेले. परत ओतलं. मुलगा म्हणाला, "मम्मी, लोक बघतायत." मी म्हटलं, "बघू देत. तू गाडी बाहेर काढ." त्यानं वडिलांकडे पाहिलं.  आणि गाडी काढली.

मग मी खुरपं घेऊन कडेचा ब्लॉक उचकटायला बसले. एकात एक घट्ट बसवलेले, हलेचनात. खुरप्याचं टोक वाकलं. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, तरी मी उठले नाही. तेवढ्यात हे झोपाळ्यावरून उठले, आत गेले. मला वाटलं, गेले झोपायला. ते पहार घेऊन आले. "मागं सर," म्हणाले, "पायावर पडेल." आणि त्यांनी पहिला ब्लॉक उचलला.

ते वर्ष तसंच गेलं. पण ते ब्लॉक मी टाकून दिले नाहीत. त्यांची कडेनं भिंत रचली, मांडीएवढी उंच, आणि माती त्यात भरली. आता सुरतेचा पाऊस कितीही मुक्कामाला राहो, पाणी खालून निघून जातं, मुळं कुजत नाहीत. गुडघेही फार वाकवावे लागत नाहीत. झोपाळा भिंतीलगत आहे, त्यावर बसून मी मटार सोलते, ते मी नाकारत नाही. गाडी मुलगा फाटकाबाहेर भाड्याच्या जागेत लावतो. फुटलेल्या वांग्यातलं बी थोडंसंच उगवलं. थोडंसं पुरलं.

आखाजीला मी आता गावी जात नाही. माझी लेक माझ्याकडे येते. ती इच्छापोरकडे राहते, जावयाचं तिकडे कंपनीत कंत्राटी काम आहे. या आखाजीला सगळे जेवायला बसले होते. मी पुरणपोळी वाढत होते आणि मुलगा घास घेता घेता सहज म्हणाला, "पप्पा, घराचे कागद एकदा नीट करून ठेवू. ताईची सही पण घेऊन टाकू, म्हणजे पुढं कटकट नको."

वाईट काही नव्हतं त्याच्या मनात. बहिणीवर जीव आहे त्याचा. आणि माझी लेक, माझ्याच पोटची, तुपाची वाटी पुढं ओढत हसून म्हणाली, "घे ना. मला काय कमी आहे?"

माझ्या हातातली पोळी तशीच राहिली.  जेवणं झाली. लेक पुढच्या बाजूला गेली, वाफ्याच्या भिंतीवर टेकली आणि म्हणाली, "मम्मी, मला एक पिशवी माती दे ना. गॅलरीत कुंड्यांना घालते. तुझ्या मातीत छान येतं सगळं."

तिच्या हातात रिकामी पिशवी होती. मी ती काढून घेतली, घडी घातली आणि कमरेला खोचली. आतून मडकं आणलं, बी काढलं, फडक्यात बांधलं, तिच्या ओंजळीत ठेवलं. मुलगा आणि हे दारात येऊन उभे राहिले होते. बरंच झालं, दोनदा सांगायला नको.

"बी ने. रोपं ने, वांगी ने, लागतील तेवढी," मी म्हटलं. "माती मिळायची नाही. माती इथंच राहील आणि आमच्यानंतर कागदावर तुम्हा दोघा भावंडांची नावं लागतील. तू सही करायची नाहीस. कुणी कितीही मायेनं सांगितलं, मी सांगितलं तरी करायची नाहीस. पिशवीतून हिस्सा नेणारी या घरात मी शेवटची."